कातळाची तसबीर

दिवाळीचा फराळ आटोपला, पाहुणे आपापल्या गावी परतले, की मध्यमवर्गीय घरांत एक नवा कार्यक्रम सुरू होतो. सुट्टीत कुठे कुठे जाऊन आलो त्याचे फोटो एकमेकांना दाखविण्याचा! चहाचे कप येतात, मोबाईल या हातातून त्या हातात फिरतो, आणि एखाद्या कड्याचा किंवा सुळक्याचा फोटो आला की दाखविणारा हमखास एक वाक्य बोलतो, "प्रत्यक्षात फार मोठा होता हो! फोटोत तेवढा वाटत नाही."

या वाक्यात सारा दोष कॅमेऱ्याच्या माथी मारलेला असतो, आणि तो बिचारा काही बोलू शकत नाही. खरी अडचण निराळीच आहे. माणसाचा फोटो काढताना निम्मे काम समोरचा माणूस करतो. तो हसतो, मान कलती करतो, पदर नीट करतो. खडकाला मात्र "जरा इकडे बघा" असे म्हणण्याची सोय नाही. तो लाखो वर्षे जसा उभा आहे तसाच उभा राहणार. हलायचे ते फोटो काढणाराने आणि सूर्याने. म्हणून कातळाची तसबीर काढण्याची सगळी विद्या तीन प्रश्नांत सामावते: कुठे उभे राहावे, केव्हा उभे राहावे आणि चौकटीत काय घ्यावे. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे सरावाने येतात. तिसरा प्रश्न दिसायला सोपा आणि सोडवायला कठीण. त्याच्याकडे आपण शेवटी वळू.

आम्हा तुळिंजकरांना या विद्येसाठी काश्मीर किंवा लडाख गाठावे लागत नाही. नालासोपारा स्टेशनला पूर्वेकडे उतरलो की आमची तुळिंजची टेकडी आहे. तिच्या पलीकडे, पूर्वेला, तुंगारेश्वराची डोंगररांग. उत्तरेला विरारचा जीवदानीचा डोंगर. तेराशेहून अधिक पायऱ्या चढायची तयारी असेल तर खडक अगदी जवळून पाहता येतो. आणि लोकलने पाऊण तासाच्या आत-बाहेर अंधेरी. तेथे गिल्बर्ट टेकडी नावाचे एक नवल उभे आहे.

आधी दगडाची कुंडली

मुलगी दाखविण्यापूर्वी पत्रिका पाहतात, तशी फोटोपूर्वी दगडाची पत्रिका पाहावी. आपल्याकडचा दगड बहुतेक एकाच कुळातला: बेसाल्ट, म्हणजे आपला काळा पत्थर. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनच्या भूमीला भेगा पडून लाव्हारस वाहू लागला. एक थर निवला की त्यावर दुसरा, दुसऱ्यावर तिसरा, असे थर साचत गेले. आज उरलेला त्यांचा विस्तारच सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर आहे. कठीण थर उभा कड्यासारखा राहिला, मऊ थर झिजून उतार झाला, आणि डोंगरांना पायऱ्या पडल्या. भूशास्त्रज्ञ या खडकाला 'ट्रॅप' म्हणतात. तो शब्दही पायऱ्या या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आलेला.

फोटो काढणाराने या माहितीचे काय करायचे? पुष्कळ. सह्याद्रीच्या रेषा आडव्या आहेत. आडव्या रेषांना आडवी चौकट मानवते. मोबाईल आडवा धरा, आणि तो सरळ धरा. कारण थरांच्या या रेषा म्हणजे जणू वहीवरच्या ओळी. कॅमेरा किंचित जरी कलला तरी अख्खा डोंगर एका बाजूला घसरू लागल्यासारखा दिसतो.

गिल्बर्ट टेकडीची पत्रिका मात्र उलटी. तेथे लाव्हा निवताना आकसला आणि त्याला उभ्या भेगा पडल्या. पाणी आटल्यावर भाताच्या खाचरात चिखलाला भेगा पडून पंचकोनी, षट्कोनी ढेपा होतात, हे वसईच्या वाडीत वाढलेल्या कुणालाही सांगायला नको. तसेच हे; फक्त भेगा खोल खोल जात राहिल्या आणि ढेपांचे खांब झाले. सुमारे २०० फूट उंचीच्या या काळ्या कड्यावर असे उभे खांब एकाला एक लागून आहेत. या रेषा उभ्या, म्हणून चौकटही उभी. दगड कसा घडला हे ज्याला ठाऊक, त्याला मोबाईल कसा धरावा हे वेगळे शिकवावे लागत नाही.

कुठे उभे राहावे?

एक साधा प्रयोग करून पाहा. खिडकीपाशी उभे राहून समोरचे झाड आणि त्यामागची इमारत पाहा. आता एक डोळा मिटा. झाड आणि इमारत किंचित जवळ आल्यासारखी, एकाच पडद्यावर रंगविल्यासारखी वाटतील. आपण दोन डोळ्यांनी पाहतो, म्हणून जवळचे कोणते आणि दूरचे कोणते हे मेंदूला झटकन उमगते. कॅमेऱ्याला डोळा एकच. कड्यासमोर उभे असताना आपल्याला जाणवणारी खोली, पायाखालचा वारा, मान वर केल्यावर येणारी घेरी, यांतले काहीही कॅमेऱ्यात शिरत नाही. ते आपल्याला दुसऱ्या युक्तीने आत आणावे लागते.

पहिली युक्ती, जवळची वस्तू. एखादा दगड, गवताचा झुबका, फांदी चौकटीच्या खालच्या अंगाला घ्या. नजर तेथून निघते आणि मागच्या कड्यापर्यंत चालत जाते. पायवाट किंवा ओढा असेल तर उत्तमच. तो नजरेचे बोट धरून तिला आत नेतो.

दुसरी युक्ती, मापाची. दगडाला स्वतःचे माप नसते. मुठीएवढा दगड आणि डोंगराएवढा दगड फोटोत सारखेच दिसू शकतात. म्हणून माप दाखविणारे काहीतरी हवे: माणूस, शेळी, देवळाचा कळस. पण येथे एक हमखास गफलत होते. आपण घरच्या मंडळींना कॅमेऱ्यापासून चार हातांवर उभे करतो आणि मागे कडा घेतो. परिणामी काकू मोठ्या आणि कडा लहान! मंडळींना कड्याच्या पायथ्याशी पाठवा, स्वतः शंभर-दोनशे पावले मागे या, आणि मग झूम करून फोटो घ्या. माणूस बोटाएवढा दिसेल, आणि त्याच्या डोक्यावर कडा असा उभा राहील की पाहणाराच्या तोंडून आपोआप "अबब!" निघेल. मोबाईलमधल्या रुंद भिंगाचा मोह मात्र येथे टाळावा. ते भिंग सगळे काही चौकटीत कोंबते खरे, पण त्यापायी दूरच्या डोंगराचे वारूळ करून टाकते.

तिसरी गोष्ट उंच सुळक्याची. अगदी पायथ्याशी उभे राहून कॅमेरा वर रोखला की उभ्या रेषा वर जाता जाता एकमेकींकडे झुकतात आणि सुळका मागे पडतोय असे वाटते. दूर जाऊन कॅमेरा सरळ धरावा, किंवा समोरच्या एखाद्या गच्चीवरून, म्हणजे सुळक्याच्या निम्म्या उंचीवरून फोटो घ्यावा. खांब खांबासारखे ताठ राहतात.

हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा हा या सर्व युक्त्यांची परीक्षा पाहणारा. नागाच्या फण्यासारखा तो मधोमध आत वळलेला आहे. काठावर उभे राहून खाली रोखलेल्या कॅमेऱ्यात नुसती धुरकट दरी येते. कडा येतच नाही. काठापासून दूर, बाजूच्या वळणावरून पाहिले तर त्याची अर्धी कमान नजरेत येते, आणि समोरच्या काठावरची माणसे मुंग्यांएवढी दिसली की खोलीचा हिशेब पाहणारा आपला आपण करतो. फोटोच्या दृष्टीने हीच जागा चांगली आणि जिवाच्या दृष्टीनेही. काठावरच्या वाऱ्याशी मस्करी नको. आमच्याकडे चिंचोटीच्या धबधब्यावर पावसाळ्यात कितीतरी तरुण जीव गेले आहेत. कोणताही फोटो एवढ्या किमतीचा नसतो.

केव्हा उभे राहावे?

रुळांच्या पश्चिमेला सोपारा. हे प्राचीन बंदर. तेथे १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला, आणि १९५६ साली जवळच्या भुईगाव येथे नवव्या लेखाचा तुकडा सापडला. सव्वादोन हजार वर्षांपूर्वी कोरलेली ही अक्षरे याच काळ्या बेसाल्टवर आहेत. अशी झिजलेली अक्षरे वाचायची तर अभ्यासक काय करतात? उजेड समोरून टाकीत नाहीत. बाजूने, अगदी तिरपा टाकतात. समोरच्या उजेडात दगड सपाट दिसतो. तिरप्या उजेडात प्रत्येक अक्षराच्या खाचेत सावली भरते, आणि अक्षर उठून दिसते.

डोंगर हाही एक शिलालेखच; त्याची अक्षरे म्हणजे घळी, भेगा आणि कपारी. ती वाचायला तिरपे ऊन हवे. भर दुपारी बाराला डोंगराचा फोटो काढणे म्हणजे शिलालेखावर डोक्यावरून दिवा धरणे. सकाळी उन्हे वर आल्यापासून तासाभरात, आणि संध्याकाळी मावळण्यापूर्वी तासाभरात जे मिळते ते मधल्या साऱ्या दिवसात मिळत नाही.

यातही दिशेचा विचार हवा. तुळिंजहून तुंगारेश्वराची रांग पूर्वेला. सकाळी सूर्य तिच्या मागून वर येतो, त्या वेळी डोंगराची फक्त काळी किनार मिळेल; तीही सुंदरच, पण तिच्यात खडक दिसणार नाही. त्याच रांगेचे आमच्याकडचे अंग उजळते ते चारनंतर. कोकणाकडे तोंड करून उभ्या असलेल्या सह्याद्रीच्या सर्व कड्यांना हाच नियम लागू. सकाळी लवकर उठून, गाडी गाठून, धावतपळत कोकणकड्यावर पोचावे तर कडा सावलीत! तेथे दुपार उतरेपर्यंत थांबण्याची चिकाटी हवी.

ऋतूंत म्हणाल तर दिवाळीनंतरचे दिवस सर्वोत्तम. पावसाने हवा धुऊन काढलेली असते, सूर्य दक्षिणेला कललेला असल्याने दुपारचे ऊनही उन्हाळ्याइतके माथ्यावरून येत नाही, आणि पिवळे पडू लागलेले गवत काळ्या दगडाला सोनेरी काठ लावते. उन्हाळ्यात हवेत धुरळा, आभाळ पांढुरके. पावसाळ्यात दगड ओला, काळा कुळकुळीत आणि तजेलदार; त्या वेळी ढगाळ दिवशी दूरचा डोंगर सोडून जवळच्या दगडांचे फोटो घ्यावेत.

काळा दगड, पांढरे आभाळ

आता कॅमेऱ्याची एक खोड. समोरचे दृश्य सरासरीने करड्या रंगाचे असते अशी त्याची समजूत करून दिलेली असते. चौकटभर काळा दगड दाखवला की तो म्हणतो, "अंधार दिसतोय, उजेड वाढवू." मग काळा पत्थर धुतलेल्या राखेसारखा होतो. उलट चौकटीत पांढरे आभाळ जास्त असेल तर तो उजेड कमी करतो आणि दगडाचा नुसता काळा डाग उरतो. उपाय सोपा आहे. मोबाईलच्या पडद्यावर दगडाच्या जागी बोट टेकवा, आणि उजेडाची खूण किंचित खाली सरकवा. काळा दगड काळाच दिसला पाहिजे, मात्र त्याच्या भेगा दिसल्या पाहिजेत. आभाळ फारच पांढरे असेल तर त्याला चौकटीत पट्टीएवढीच जागा द्या.

या बाबतीत अमेरिकेतील अॅन्सेल अॅडम्स यांची हकीकत प्रसिद्ध आहे. १९२७ च्या एप्रिलमध्ये ते योसेमिटीच्या दरीत 'हाफ डोम' नावाच्या प्रचंड शिळेचा फोटो काढायला चढून गेले. त्या काळी काचेवर फोटो घेत, आणि त्यांच्याकडे दोनच काचा उरल्या होत्या. पहिली काच त्यांनी पिवळ्या फिल्टरने वापरली. मग त्यांच्या लक्षात आले की या शिळेसमोर उभे राहून छाती दडपते, ते दडपण या चित्रात येणार नाही. आभाळ फिके पडेल. शेवटच्या काचेला त्यांनी गडद लाल फिल्टर लावला. निळे आभाळ जवळजवळ काळे झाले आणि त्यावर शिळेचा कडा उजळून निघाला. बटण दाबण्यापूर्वीच त्यांनी ते चित्र मनात पाहिले होते. आपल्याजवळ आज दोन नव्हे, दोन हजार फोटोंची जागा असते. म्हणूनच की काय, आधी मनात पाहण्याची तसदी आपण घेत नाही.

चौकटीत काय घ्यावे?

घरात जुन्या लग्नपत्रिका असतीलच. त्यांतली एक जाड पत्रिका घ्या आणि मधोमध तीन इंच बाय चार इंचांची खिडकी कापा. झाला तुमचा गुरू तयार! डोंगरासमोर गेल्यावर मोबाईल खिशात ठेवा आणि एक डोळा मिटून या खिडकीतून पाहा. ती जवळ-दूर करा, आडवी-उभी करा. मुलांच्या हातात द्या; ती मोठ्यांपेक्षा लवकर शिकतात. थोड्याच वेळात समजते की फोटो काढणे म्हणजे पुष्कळसे वगळणे. ताटात सगळेच पदार्थ एकदम वाढले तर चव कशाचीच लागत नाही.

याचा सराव करायला तुंगारेश्वराच्या वाटेवरचा ओढा फार चांगला. २००३ सालापासून हा भाग अभयारण्य आहे. ओढ्यात पाण्याने गुळगुळीत केलेले मोठमोठे धोंडे आहेत. सगळे एकदम घ्यायला गेलात तर नुसती गर्दी होईल. तीन धोंडे निवडा: एक मोठा, एक मधला, एक लहान. मोठा मधोमध नको, जरा एका अंगाला. पाणी एका कोपऱ्यातून आत येऊन दुसऱ्याने बाहेर जाऊ द्या. बस्स, चित्र जमले. पुढे कधी अहिल्यानगर जिल्ह्यातल्या निघोजला गेलात तर हीच शिकवण कामी येईल. तेथे कुकडी नदीच्या पात्रात, पाण्याच्या भोवऱ्यात गरगर फिरणाऱ्या गोट्यांनी कातळ कोरून रांजण केले आहेत. शेकडो खळग्यांचा एक फोटो काढण्यापेक्षा एकाच रांजणाची कड, तिच्यावरचे तिरपे ऊन आणि आतले काळे पाणी जास्त बोलते.

येथवर सारे सरळ आहे. आता तो कठीण प्रश्न.

अंधेरीला गिल्बर्ट टेकडीपाशी जा. माथ्यावर गावदेवी आणि दुर्गामाता यांची देवळे आहेत. वर जायला खडकातल्या पायऱ्या आहेत. असे उभ्या खांबांचे उत्तुंग खडक जगात मोजकेच. अमेरिकेत वायोमिंगमधल्या 'डेव्हिल्स टॉवर'ला तेथल्या सरकारने १९०६ साली पहिले राष्ट्रीय स्मारक केले, आणि आज त्याच्या भोवती मैलोन्‌मैल मोकळी भूमी आहे. आपल्या टेकडीभोवतीचा दगड खाणींनी खाल्ला, आणि मोकळ्या झालेल्या जागेत वस्ती आणि इमारती थेट भिंतीला येऊन भिडल्या. मुंबई महापालिकेने तिला दुसऱ्या श्रेणीचे वारसास्थळ म्हटले ते २००७ साली.

आता आपली लग्नपत्रिकेची खिडकी डोळ्यांपुढे धरा. जरा इकडे, जरा तिकडे, थोडे वर. इमारती गेल्या, पाण्याच्या टाक्या गेल्या, वाळत घातलेले कपडे गेले. उरले फक्त काळे खांब आणि निळे आभाळ. चित्र म्हणून उत्तम! पण पाहणाराला काय वाटेल? अंधेरीत एक सुंदर टेकडी आहे, आणि तिचे सगळे छान चालले आहे. वगळण्याच्या ज्या कलेने ओढ्यातले धोंडे बोलके झाले, तीच येथे टेकडीची खरी गोष्ट दडपून टाकते.

म्हणून इमारतींसह चित्र काढावे काय? तेवढ्यानेही भागत नाही. नुसती गर्दी दाखवणाऱ्या फोटोत दगडाचा दिमाख हरवतो, आणि ज्याचा दिमाखच दिसला नाही त्याच्यासाठी कुणाचा जीव तुटणार?

फोटोने काय होते?

"एका फोटोने काय होणार?" असे कुणी विचारील. कार्लटन वॉटकिन्स नावाच्या छायाचित्रकाराने १८६१ साली अवजड कॅमेरा खेचरांवर लादून योसेमिटीच्या कड्यांचे भले मोठे फोटो काढले. ज्यांनी ती दरी जन्मात पाहिली नव्हती अशा पूर्वेकडच्या शहरी लोकांनी ते पाहिले. १८६४ साली, यादवी युद्ध पेटलेले असताना, अध्यक्ष लिंकन यांनी ती दरी लोकांसाठी राखून ठेवण्याच्या कायद्यावर सही केली. त्या निर्णयाला या चित्रांचा हातभार लागला असे इतिहासकार मानतात. म्हणजे सुंदर चित्राची ताकद मोठी. आधी प्रेम जडावे लागते, मग राखण्याची बुद्धी होते.

तेव्हा आमची सूचना अशी. कातळाचे फोटो नेहमी दोन काढावे. पहिला भिंतीवर लावण्यासाठी: तिरपे ऊन, नीट चौकट, नको ते सारे वगळून. दुसरा कपाटात जपण्यासाठी: शंभर पावले मागे येऊन, जे जे आजूबाजूला आहे ते सर्व घेऊन. झोपडी, इमारत, खाण, विजेचा खांब, काही सोडू नये. दुसऱ्या फोटोची प्रत छापून मागे पेन्सिलीने जागा, दिशा, तारीख आणि वेळ लिहावी. मोबाईल बदलतात, हरवतात. कागदावरची पेन्सिल टिकते.

आणि सुरुवात लांबून कशाला करायची? तुळिंजची टेकडी घरासमोर आहे. तिच्या अंगावर घरे कुठवर चढली, दगड कुठे उघडा आहे, झाडी कुठे उरली, हे रोज पाहणाराला कळत नाही. मूल रोज पाहणाऱ्या आईला त्याची उंची वाढलेली कळत नाही तसेच. त्यासाठीच आपण दाराच्या चौकटीवर रेघा ओढतो ना? गच्चीवरची एक जागा ठरवा, फरशीवर खडूने खूण करा, आणि दर भाऊबीजेला दुपारी चारच्या उन्हात तेथून एक फोटो घ्या. दहा वर्षांत दहा फोटो होतील. ते शेजारी शेजारी मांडले की टेकडी वाचली की गेली, याचा पुरावा तुमच्या कपाटात असेल. आणि शाळेत, सभेत किंवा महापालिकेच्या दारात तो कुणालाही दाखवता येईल.

यंदाचा पहिला फोटो बाकी आहे. भाऊबीजेला ओवाळणी झाली की मुलांना घेऊन गच्चीवर जा. खडू विसरू नका.